श्रीराम अभ्यंकरांचं गणित: एम.एस्सी.च्या तयारीवर कुठून आणि कसं वाचावं?

चक्रवाळ:
नमस्कार मंडळी. श्रीराम शंकर अभ्यंकर यांच्याबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं, त्यात उज्जैन, पर्ड्यू, भास्कराचार्य प्रतिष्ठान आणि 'बैजिक भूमितीतले थोर गणिती' एवढंच असतं. त्यांनी नेमकं काय सिद्ध केलं, हे कुठेच धड सांगितलेलं नसतं. माझे प्रश्न असे:

१. कारकिर्दीचा खात्रीशीर आराखडा: कुठे, कधी, कोणता मोठा निष्कर्ष?
२. 'कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये' (म्हणजे मूळसंख्या प वेळा १ मिळवला की ० येतो अशा फील्डवर) 'अवघड जातं' असं सगळे म्हणतात. नेमकं काय अडतं?
३. 'अप्रॉक्सिमेट रूट' हाताने काढता येईल असं एखादं उदाहरण.
४. वाचनाचा क्रम.

तयारी एवढी धरा: ग्रुप, रिंग, फील्ड आणि गॅल्वा सिद्धांताचा एक पेपर. बैजिक भूमिती औपचारिकपणे झालेली नाही.

शेषराशी:
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, बाकीच्यांवर इथली जाणकार मंडळी लिहितीलच.

जन्म २२ जुलै १९३०, उज्जैन. वडील शंकर केशव अभ्यंकर ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक होते. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ मध्ये बी.एस्सी., मग हार्वर्ड: १९५२ ला एम.ए., १९५५ ला पीएच.डी. मार्गदर्शक ऑस्कर झारिस्की. पुढे कोलंबिया, कॉर्नेल, जॉन्स हॉपकिन्स, आणि १९६३ पासून अखेरपर्यंत पर्ड्यू विद्यापीठ. तिथे १९६७ पासून ते गणिताचे मार्शल प्राध्यापक होते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच विद्यापीठात इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्स या विभागांचंही प्राध्यापकपद त्यांच्याकडे आलं. १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केलं. २ नोव्हेंबर २०१२ रोजी वेस्ट लाफायेट इथे निधन.

गणिताच्या बाजूने पाहिलं तर चार टप्पे धरावेत. प्रबंध (प्रसिद्धी १९५६, ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स): कॅरॅक्टरिस्टिक प मधल्या पृष्ठांच्या सिंग्युलर बिंदूंचं निरसन (पृष्ठ जिथे गुळगुळीत नसतं ते बिंदू रूपांतरांनी उलगडून गुळगुळीत करणं). १९५७: वक्रांच्या आवरणांबद्दलची अटकळ. १९६६: त्रिमितीतलं निरसन, प ५ पेक्षा मोठा असताना. १९७३ ते १९७५: गणिती टी. टी. मो यांच्याबरोबर प्वीझो श्रेणी (अपूर्णांक घातांच्या श्रेणी), अप्रॉक्सिमेट रूट आणि 'प्रतलात रेषा बसवण्याचा' सिद्धांत. १९८०च्या दशकाअखेरीस ते पुन्हा १९५७ च्या अटकळीकडे वळले. त्याला फ्रेंच गणिती ज्याँ-पिएर सेर यांच्याशी झालेला पत्रव्यवहार कारणीभूत होता.

एक दुरुस्ती लगेच करून ठेवतो, कारण ही चूक जागोजागी नकलली गेली आहे. 'अभ्यंकरांनी कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये सर्व मितींत निरसन सिद्ध केलं' हे खरं नाही. सर्व मितींचा निकाल हिरोनाका यांचा, १९६४ चा, आणि तो कॅरॅक्टरिस्टिक ० पुरता. अभ्यंकरांचे निकाल मिती २ (कोणताही प) आणि मिती ३ (प > ५) असे आहेत. मिती ३ मध्ये उरलेले प कोसार आणि पिल्टां यांनी २००८-०९ मध्ये हाताळले.

अव्यक्तमूल:
दुसरा आणि तिसरा प्रश्न खरं तर एकच आहे, म्हणून एकत्रच घेतो. अभ्यंकरांच्या कामाचा गाभा मला विचाराल तर एका ओळीत: वर्गपूर्ती जिथे चालते तिथे ती शेवटपर्यंत ताणायची, आणि जिथे चालत नाही तिथे तिच्या जागी काय ठेवायचं ते शोधायचं.

लेखनाची सोय: क्ष आणि य ही चलं, ट हा परिचल, ^ म्हणजे घात, प ही मूळसंख्या.

सुरुवात श्रीधराचार्यांच्या रीतीपासून करू. भास्कराचार्यांनी बीजगणितात ती श्रीधरांच्या नावानिशी उद्धृत केली आहे. अक्ष^२ + बक्ष + क = ० घ्या. दोन्ही बाजूंना ४अ ने गुणा, दोन्हीकडे ब^२ मिळवा. डावीकडे (२अक्ष + ब)^२ तयार होतं, उजवीकडे ब^२ − ४अक. अपूर्णांक कुठेही येत नाही, हे या रीतीचं सौंदर्य. आता हेच कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये करून पाहा. ४अ म्हणजे ०. दोन्ही बाजू शून्याने गुणल्या, समीकरणच गेलं. वर्गपूर्ती नुसती अवघड होत नाही, ती उरतच नाही. त्याऐवजी य^२ + बय + क मध्ये य = ब·ल ठेवून ब^२ ने भागलं की ल^२ + ल + (क/ब^२) मिळतं, आणि पुढचा सगळा विचार या 'ल^२ + ल' वर करावा लागतो. कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये हेच रूप य^प − य म्हणून भेटतं. ते लक्षात ठेवा, पुढे परत लागेल.

न घातासाठी वर्गपूर्तीचं भावंड म्हणजे चिर्नहाउस रूपांतर: य^न + अय^(न−१) + … मध्ये य च्या जागी य − अ/न ठेवलं की दुसरं पद उडतं. इथे न ने भागावं लागतं. प जर न ला भागत असेल तर हे पाऊल टाकताच येत नाही. कॅरॅक्टरिस्टिक ० मधल्या निरसनाच्या सिद्धतेत हेच पाऊल पुन्हा पुन्हा वापरून प्रश्न एका मितीने खाली आणतात. म्हणजे अडचण कुठेतरी खोलात दडलेली नाही. ती थेट या भागाकारात आहे.

दुसरं अडतं ते प्वीझो श्रेणीत. कॅरॅक्टरिस्टिक ० मध्ये क्ष च्या घातश्रेणी सहगुणक असलेल्या कोणत्याही बहुपदीची मुळं क्ष^(१/म) च्या श्रेणीत लिहिता येतात, आणि म सगळ्या पदांना एकच चालतो. आता कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये हे समीकरण घ्या:

य^प − य = १/क्ष

उत्तर म्हणून य = क्ष^(−१/प) + क्ष^(−१/प^२) + क्ष^(−१/प^३) + … ठेवा. प वा घात केला की प्रत्येक पद एक घर मागे सरकतं: य^प = क्ष^(−१) + क्ष^(−१/प) + क्ष^(−१/प^२) + … म्हणजे बरोबर १/क्ष + य. समीकरण सुटलं, पण छेद प, प^२, प^३ असे वाढतच जातात. एकच म पुरत नाही, म्हणून प्वीझोची रीत इथे संपते. अशा सामान्यीकृत श्रेणींवर अभ्यंकरांची १९५६ मधली एक छोटी टिपणी आहे. वहीत पाच मिनिटांत पडताळून होईल. अवश्य करा.

आता हाताने करायचं उदाहरण. कॅरॅक्टरिस्टिक ० घ्या.

क्ष = ट^४, य = ट^६ + ट^७.

पायरी १. य चं समीकरण काढू. य^२ = ट^१२ + २ट^१३ + ट^१४. त्यातून क्ष^३ = ट^१२ वजा करा: य^२ − क्ष^३ = २ट^१३ + ट^१४. याचा वर्ग: ४ट^२६ + ४ट^२७ + ट^२८. पहिली दोन पदं म्हणजे ४क्ष^५य, तिसरं म्हणजे क्ष^७. म्हणून

फ = (य^२ − क्ष^३)^२ − ४क्ष^५य − क्ष^७ = ०.

उलगडलं तर फ = य^४ − २क्ष^३य^२ − ४क्ष^५य + क्ष^६ − क्ष^७.

पायरी २. आता उलगडलेलं रूपच हातात आहे असं समजा, कारण प्रत्यक्षात तसंच असतं. फ चं 'अप्रॉक्सिमेट वर्गमूळ' म्हणजे असं ग = य^२ + बय + क, की फ − ग^२ चा य मधला घात २ पेक्षा कमी व्हावा. य^३ चा सहगुणक जुळवा: २ब = ०, म्हणून ब = ०. य^२ चा: ब^२ + २क = −२क्ष^३, म्हणून क = −क्ष^३. म्हणजे ग = य^२ − क्ष^३. प्वीझो श्रेणी न काढता, नुसत्या सहगुणकांवरून ते मिळालं. दोन्ही ठिकाणी २ ने भागलं, हे नजरेतून सुटू देऊ नका. कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये हीच पायरी मोडते.

पायरी ३. वक्रावर ट चा सर्वांत लहान घात पाहा. क्ष ला ४, य ला ६, ग ला १३. या तीन संख्यांनी तयार होणारा अर्धगट (त्यांच्या बेरजांनी मिळणाऱ्या संख्यांचा संच) वक्राच्या त्या बिंदूची सगळी मूलभूत माहिती देतो.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक: श्रेणीत घात ६ आणि ७ दिसतात म्हणून अर्धगट ४, ६, ७ असा लिहितात. ७ त्यात येत नाही. १३ कुठून आला? २×६ + (७−६).

पायरी ४, पडताळा. ४, ६, १३ यांच्या बेरजांनी न मिळणाऱ्या संख्या: १, २, ३, ५, ७, ९, ११, १५. एकूण ८. आता दुसऱ्या वाटेने या. ब्लो-अप करत गेलं (य = क्ष·ल सारखं रूपांतर करून बिंदू उलगडत गेलं) की या बिंदूच्या पटी (वक्र तिथून किती पदरी जातो ती संख्या) ४, २, २, १ अशा मिळतात, आणि प्रत्येक पटी म साठी म(म−१)/२ धरून बेरीज ६ + १ + १ = ८. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. नाही जुळले तर बहुतेक वेळा ग चा सहगुणक चुकलेला असतो.

१९७३ मधल्या अभ्यंकर आणि मो यांच्या दोन भागांच्या लेखात याच कल्पनेचा पूर्ण विस्तार आहे. एवढं उदाहरण हातून झाल्याशिवाय तो उघडू नका. त्यातली चिन्हं फार दाट आहेत.

चक्रवाळ:
@अव्यक्तमूल, मनापासून आभार. पटींवरून एक प्रश्न. य^२ = क्ष^५ हा वक्र (ट^२, ट^५) असा परिचलांत लिहिता येतो, म्हणजे त्याचा जीनस (ढोबळमानाने, वक्राच्या 'भोकांची' संख्या) ० असायला हवा. पण सूत्राने घात ५ साठी (४×३)/२ = ६, त्यातून आरंभबिंदूच्या पटी २ चे १ वजा केले तर ५ उरतात. अनंतावरच्या बिंदूची पटी ३ आहे, तिचे ३ वजा केले तरी २ उरतातच. हे २ कुठे गेले?

उपवलय:
ते 'अनंतनिकट' बिंदूंत आहेत, म्हणजे ब्लो-अप केल्यावरच दिसणाऱ्या बिंदूंत. अभ्यंकर व्याख्यानांत आणि पुस्तकांत ज्यावर पुन्हा पुन्हा येतात, ती हीच जागा.

आरंभबिंदू: य = क्ष·ल ठेवा. क्ष^२ल^२ = क्ष^५, क्ष^२ ने भागा, ल^२ = क्ष^३. हा बिंदू अजूनही पटी २ चा आहे. पुन्हा एकदा तेच केलं की मग गुळगुळीत. म्हणजे इथून १ नव्हे, १ + १ = २.

अनंतावर: समघाती रूप य^२झ^३ = क्ष^५. य = १ ठेवलं तर झ^३ = क्ष^५, पटी ३. झ = क्ष·ल ठेवून क्ष^३ ने भागा: ल^३ = क्ष^२, पटी २. त्यापुढे क्ष = ल·व ठेवलं की ल = व^२, गुळगुळीत. म्हणजे इथून ३ + १ = ४.

एकूण २ + ४ = ६, आणि जीनस ६ − ६ = ०.

नेहमी अडखळण्याच्या जागा तीन. पहिली, ब्लो-अप केल्यावर क्ष^२ सारखा सामाईक अवयव भागून न काढणं. मग दर पायरीला वक्र जास्तच वाईट दिसत जातो. दुसरी, एकाच तक्त्यात पाहणं. य = क्ष·ल घेतलं तसं क्ष = य·ल हेही घ्यावं लागतं. य^२ = क्ष^३ मध्ये दुसऱ्या तक्त्यात १ = ल^३य मिळतं, त्यावर य = ० वर बिंदूच नाही, म्हणून तिथे काही करायचं नाही. पण ते पाहिल्यावरच कळतं. वर अनंतावरच्या शेवटच्या पावलाला नेमका दुसराच तक्ता लागला. तिसरी, अनंतावरचे बिंदू विसरणं.

ही रीत संगणकाला शिकवणं हा अभ्यंकरांच्या उत्तरायुष्यातल्या कामाचा एक मोठा भाग. चंद्रजीत बजाज यांच्याबरोबर त्यांनी परिमेय वक्र आणि पृष्ठं आपोआप परिचलांत मांडण्याच्या रीती १९८०च्या दशकात लिहिल्या. संगणकावर आकार रेखाटताना य^२ = क्ष^५ पेक्षा (ट^२, ट^५) कितीतरी सोपं पडतं: ट ला किमती देत जायच्या, बिंदू मिळत जातात. इंजिनिअरिंगच्या विभागांशी त्यांचा जो संबंध आला तो या दारातून.

सॉफ्टवेअर हवं असेल तर 'सिंग्युलर' ही मोफत प्रणाली घ्या. त्यातली हॅम्बर्गर-नोथर विस्ताराची लायब्ररी कॅरॅक्टरिस्टिक प मध्येही चालते. प्वीझोवर आधारलेली साधनं तिथे वापरू नका, कारण @अव्यक्तमूल यांनी वर सांगितलंच आहे.

त्रिपदी:
१९५७ च्या अटकळीवर अजून कुणी लिहिलेलं नाही, आणि गॅल्वा सिद्धांताचा एक पेपर झालेल्या विद्यार्थ्याला अभ्यंकरांच्या कामातला हाच भाग सर्वांत लवकर हाती लागतो.

प्रश्न असा. आवरण म्हणजे एका वक्रावर पदरांसारखा पसरलेला दुसरा वक्र, आणि शाखाबिंदू म्हणजे जिथे ते पदर एकमेकांना चिकटतात. सम्मिश्र संख्यांच्या प्रतलावर शाखाबिंदू नसलेलं, जोडलेलं, एकाहून जास्त पदरांचं आवरण नसतं. बैजिक भूमितीच्या भाषेत, कॅरॅक्टरिस्टिक ० मध्ये ॲफाइन रेषेला (अनंतावरचा बिंदू वगळलेल्या साध्या रेषेला) असं आवरणच नाही. कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये मात्र य^प − य = क्ष घ्या. य च्या सापेक्ष विकलन: पय^(प−१) − १ = −१. ते कुठेच शून्य होत नाही, म्हणून कुठेच शाखाबिंदू नाही. एक मूळ य असेल तर बाकीची य+१, य+२, …, य+(प−१). गॅल्वा ग्रुप प कोटीचा चक्रीय. म्हणजे साध्या रेषेवरही आवरणं आहेत.

मग कोणकोणते ग्रुप येऊ शकतात? अभ्यंकरांची अटकळ: जे सांत ग्रुप आपल्या सगळ्या प-सिलो उपग्रुपांनी (ज्यांची कोटी प चा शक्य तितका मोठा घात असते) मिळून निर्माण होतात, ते सगळे, आणि फक्त तेच (बीजतः बंद फील्डवर). अशांना त्यांनी क्वासी-प ग्रुप म्हटलं. उदाहरणं करून पाहा. एस-३ हा प = २ साठी चालतो, कारण अदलाबदलींनी तो पूर्ण निर्माण होतो. प = ३ साठी चालत नाही, कारण ३-सिलोने फक्त ए-३ मिळतो. ए-५ ची कोटी ६० आणि तो साधा, म्हणून प = २, ३, ५ तिन्हींना चालतो. प = ७ ला नाही.

अटकळ मांडून ते थांबले नाहीत, समीकरणंही दिली. त्यातलं एक कुटुंब हाताने तपासण्याजोगं आहे. क हा प चा घात, म ला प भागत नाही, न = क + म:

फ = य^न − क्ष·य^म + १.

आता न आणि म प ने भागल्यास बाकी सारखीच, म्हणून कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये य × (फ चं विकलन) = म(य^न − क्ष·य^म) = म(फ − १). फ = ० असेल तिथे हे −म, म्हणजे शून्य नाही. एकही शाखाबिंदू नाही! एका ओळीचं गणित. या साध्या त्रिपदींचे गॅल्वा ग्रुप ओळखणं मात्र मुळीच साधं नाही. प = २, क = ४, म = १ घेतलं तर य^५ − क्ष·य + १ चा ग्रुप ए-५ येतो. दुसऱ्या किमतींना इतर साधे ग्रुप येतात. अभ्यंकरांच्या १९९२ च्या बुलेटिन ऑफ द अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीमधल्या लांब लेखात यांची चर्चा आहे.

सिद्धता १९९४ मध्ये आली: रेषेसाठी मिशेल रेनो, कोणत्याही ॲफाइन वक्रासाठी डेव्हिड हारबेटर. दोघांना मिळून १९९५ चं बीजगणिताचं कोल पारितोषिक दिलं गेलं. वक्रातून काही बिंदू काढले की अट कशी सैल होते, तेही पाहून ठेवा. जीनस ज असलेल्या वक्रातून र+१ बिंदू काढले, तर ग्रुपला त्याच्या प-सिलोंनी निर्माण झालेल्या उपग्रुपाने भागून उरणारा ग्रुप २ज + र घटकांनी निर्माण व्हायला हवा. वर अडलेला एस-३, प = ३: ए-३ ने भागून दोन कोटीचा ग्रुप उरतो, त्याला एक जनक पुरतो. म्हणून रेषेतून एक बिंदू आणखी काढला की तोही येतो.

सदतीस वर्षं ही अटकळ टिकून राहिली आणि शेवटी जशी मांडली होती तशीच खरी ठरली. १९५७ मध्ये पुरावा म्हणून हाताशी फारच थोडी उदाहरणं होती, हे पाहता त्यांची नजर किती पक्की होती ते कळतं.

शेषराशी:
@त्रिपदी, उत्तम. याला जोडून प्रतलात रेषा बसवण्याचा सिद्धांत सांगतो, कारण त्यातही ० आणि प यांतला फरक उघड्यावर दिसतो.

क्ष आणि य या ट च्या दोन बहुपदी, आणि त्या दोघींपासून बेरीज-गुणाकाराने ट परत मिळवता येतो असं समजा. अभ्यंकर-मो (१९७५): कॅरॅक्टरिस्टिक ० मध्ये दोघींपैकी एकीचा घात दुसरीच्या घाताला भागलाच पाहिजे. सुझुकी यांनी हाच निकाल १९७४ मध्ये स्वतंत्रपणे, वेगळ्या वाटेने दिला होता. उपयोग: क्ष = ट + ट^४, य = ट^२. २ हा ४ ला भागतो, म्हणून क्ष − य^२ करा, ट मिळाला. सिद्धांत सांगतो की हे उतरणं कधीच मध्ये अडकणार नाही, आणि म्हणून प्रतलातली अशी प्रत्येक रेषा सोप्या रूपांतरांच्या साखळीने सरळ करता येते.

कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये मात्र: क्ष = ट^४, य = ट + ट^६. ४ आणि ६, कुणीच कुणाला भागत नाही. तरीही य^२ = ट^२ + ट^१२ = ट^२ + क्ष^३, म्हणून ट^२ = य^२ + क्ष^३, आणि ट = य + (य^२ + क्ष^३)^३. ट मिळाला, सिद्धांत मोडला. कोणत्याही प ला क्ष = ट^(प^२), य = ट + ट^(सप) घ्या, स > १ आणि प ने न भागणारा. तेच घडतं.

याच हत्यारांनी अभ्यंकरांनी दोन चलांच्या जेकोबियन अटकळीवर (केलर, १९३९: बहुपदींच्या रूपांतराचा जेकोबियन शून्येतर स्थिरांक असेल तर ते बहुपदींनीच उलटवता येतं) वर्षानुवर्षं काम केलं आणि विद्यार्थ्यांना त्याकडे वळवलं. मो यांनी १९८३ मध्ये घात १०० पर्यंत ती तपासली. इथेही कॅरॅक्टरिस्टिक ० ची अट सोडता येत नाही: क्ष + क्ष^प चं विकलन १, पण ती बहुपदी उलटवता येत नाही.

अव्यक्तमूल:
चौथा प्रश्न राहिला. माझा सुचवलेला क्रम:

आधी १९७६ चा अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथलीमधला त्यांचा लांब लेख, बैजिक भूमितीच्या इतिहासावरचा. त्याला १९७८ चं शोव्हने पारितोषिक मिळालं. त्यात ते बीजगणिताचे तीन थर करतात: शाळेतलं (बहुपदी, घातश्रेणी), कॉलेजातलं (रिंग, आयडियल) आणि विद्यापीठातलं (फंक्टर वगैरे), आणि पहिल्या थराची बाजू जोरात मांडतात. निर्मूलन सिद्धांत अभ्यासक्रमातून हाकलल्याचा त्यांना मनापासून राग होता, तो इथे वाचायला मिळतो. पहिल्या वाचनात सिद्धता सोडा, उदाहरणं सोडू नका.

मग १९९० चं शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरांसाठी लिहिलेलं त्यांचं बैजिक भूमितीचं पुस्तक. व्याख्यानांच्या रूपात आहे, तुमच्या तयारीवर सरळ वाचता येईल. वर आलेलं बरंचसं त्यात भेटेल. मांडणी थोडी पसरट आहे, पण वही-पेन घेऊन बसणाऱ्याला तोच फायदा.

त्यानंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेची १९७७ ची व्याख्यानं, टिपणं बलवंत सिंग यांची. संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. प्वीझो, अप्रॉक्सिमेट रूट, रेषेचा सिद्धांत, जेकोबियन, हे सगळं तिथे व्यवस्थित सिद्ध केलेलं आहे. वेग मंद ठेवा: चिन्हांची यादी वेगळ्या कागदावर उतरवल्याशिवाय पुढे सरकता येणार नाही.

१९६६ चं त्रिमितीतल्या निरसनाचं पुस्तक इतक्यात उघडू नका. त्याला मूल्यांकन सिद्धांत आणि लोकल रिंगची पक्की तयारी लागते.

पुण्यात असाल तर लॉ कॉलेज रस्त्याजवळ दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. ऑलिंपियाडच्या वर्गांसाठी लोक ते ओळखतात, पण गणिताच्या गंभीर अभ्यासासाठीही ते आहे.

चक्रवाळ:
आता खरंच वाट दिसते आहे. सगळ्यांचे आभार. शेवटची शंका: त्रिमितीत अट प > ५ अशीच का? २ आणि ३ नको हे समजू शकतं, ५ ने काय केलं?

उपवलय:
अट मुळात प > ३! अशी आहे, आणि ३! = ६. मूळसंख्यांत ६ पेक्षा मोठी म्हणजे ७ पासून पुढे, म्हणून ५ पण बाहेर.

३! येतो आल्बानेझे यांच्या जुन्या युक्तीतून. न मितीच्या पृष्ठाला मोठ्या अवकाशात ठेवून, ज्या बिंदूंची पटी जास्त आहे त्यांच्यातूनच वारंवार प्रक्षेपण करत गेलं, की शेवटी उरलेल्या प्रत्येक सिंग्युलर बिंदूची पटी न! पेक्षा जास्त राहत नाही. न = ३ असेल तर पटी फार तर ६. आता प > ६ असेल तर पटी म ला प भागत नाही, आणि म पेक्षा लहान कोणत्याही संख्येलाही नाही. म्हणजे चिर्नहाउसचा भागाकार शक्य, शाखा पडल्या तरी त्या 'सौम्य' राहतात, आणि वर्गपूर्तीचं सगळं यंत्र चालतं. प = ५ असताना पटी ५ चा बिंदू समोर येऊ शकतो, आणि तिथे पटीने, म्हणजे ५ ने, भागण्याचं पाऊल अडतं.

मिती २ मध्ये हीच युक्ती वापरली तर २! = २, म्हणजे फक्त प = २ अडायला हवा. अभ्यंकरांच्या प्रबंधातला निकाल मात्र प = २ सकट सगळ्यांना लागू आहे. त्यासाठी त्यांना वेगळी, मूल्यांकनांवर आधारलेली वाट काढावी लागली. ती वाट पाहायची असेल तर १९५६ चा ॲनल्समधला लेखच वाचा. पण आधी प = २ धरून य^२ + क्ष^३ = ० आणि य^२ + क्ष^३य + क्ष^५ = ० हे दोन वक्र दोन्ही तक्त्यांत ब्लो-अप करून या, दुसऱ्यात वर्गपूर्ती न करता.